उत्तर न आल्यास

३ मार्च, सोमवार
वही घेतली, कारण डोक्यात मावेनासं झालंय. आज साहेबांनी सर्व्हर माझ्या गळ्यात बांधला. आधीचा कंत्राटदार अर्धं काम टाकून गेला. जाताना सगळे पासवर्ड एका चिठोऱ्यावर लिहून दिले, त्यातला एक चुकीचा.

आमचं केंद्र घरी असलेल्या रुग्णांना ऑक्सिजनचे सिलिंडर, पलंग, चाकाच्या खुर्च्या वापरायला देतं. दर सहा महिन्यांनी अर्ज नव्याने करायचा, सोबत डॉक्टरांचा ताजा कागद जोडायचा. आजवर हे अर्ज खिडकीवर यायचे, अक्का ते बघायच्या आणि वरच्या मजल्यावर पाठवायच्या. आता अर्ज सर्व्हरवर येणार. पुढे कुणाकडे जायचं, किती दिवस थांबायचं, कधी निकालात निघायचं, हे तोच ठरवणार. या प्रत्येक गोष्टीचं एकेक सेटिंग आहे. डावीकडे नाव, उजवीकडे रिकामी चौकट. चौकटी मी भरायच्या. एकूण चौसष्ट.

"एक तारखेला सुरू. झालंच समजा," साहेब म्हणाले. पाठीमागे सगळे त्यांना झालंचसाहेब म्हणतात ते उगाच नाही.

बाबांना सांगितलं. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. म्हणाले, "म्हणजे तू बटणं बसवणार."
म्हटलं, हो, तसंच काहीतरी.
"मग कुठलं बटण कशाचं ते खाली लिहून ठेव. नाहीतर नंतर येणारा शिव्या घालतो."

६ मार्च
दिवसभर अक्कांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. त्या काम कसं करतात ते उतरवून घ्यायचं होतं.

"कागद कमी असला तर काय करता?"
"फोन करते."
"किती दिवसांनी?"
"ते माणसावर आहे गं. कुणाला दुसऱ्या दिवशी, कुणाला आठवड्यानं."
"नाही उचलला तर?"
"परत करते."
"किती वेळा?"
अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "उचलेपर्यंत."

आता मी चौकटीत काय घालू? तिथे आकडा लागतो. अंदाजानं लिहिलं, तीन. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल तर शपथ. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत काढली की असं होत असावं.

९ मार्च, रविवार
बाबांच्या फोनमध्ये न वाचलेले मेसेज चारशे बारा. गॅसवाल्याचे, बँकेचे, आणि माझे स्वतःचे एकवीस. चांगलीच ओरडले. तर म्हणतात, "काम असलं की माणूस फोन करतो. मेसेज फुकट असतात म्हणून येतात." सगळे पुसून टाकले. पाऊण तास त्यात गेला, कपडे धुवायचे राहिले.

१४ मार्च
बावन्नाव्या सेटिंगवर अडकले. नाव आहे 'उत्तर न आल्यास'. म्हणजे कागद कमी आहे, तीन मेसेज गेले, पंधरा दिवस उलटले, तरी समोरून काही नाही. मग अर्जाचं करायचं काय? पर्याय तीन. तसाच ठेव. माणसाकडे पाठव. बंद कर.

तसाच ठेवला तर अर्ज साचत जातात. 'माणसाकडे पाठव' निवडलं की खाली लगेच एक लाल चौकट उघडते. तिथे कुणाचं तरी नाव घालावंच लागतं, रिकामी सोडली तर पुढे जाऊ देत नाही. कुणाचं घालू? अक्कांची खिडकी तर एक तारखेपासून बंद होतेय.

साहेबांना विचारायला गेले तर ते जिना उतरत होते. मीही बरोबर उतरले.
"वरून मला एकच विचारतात, पेंडिंग किती," ते म्हणाले. "मला शून्य पाहिजे."
"मग 'बंद कर' ठेवू?"
"मॅडम, तुम्हाला योग्य वाटेल ते ठेवा. तुमचं क्षेत्र आहे." आणि गाडीत बसून गेले.

माणसावर विश्वास टाकतात, एवढं मात्र मानलं पाहिजे.

'बंद कर' ठेवलं. तीन तीन मेसेज जाऊनही जो हलत नाही, त्याला गरज नसणारच. अर्ज बंद झाला की गाडीवाल्याच्या यादीतून नाव आपोआप निघतं. कुणाला काही करावं लागत नाही.

२० मार्च
अक्का तीन जिने चढून वर आल्या. गुडघ्यांवर हात ठेवून माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.
"ज्याला मेसेज वाचता येत नाही, त्याचं काय?"
म्हटलं, घरात कुणीतरी असतंच की वाचणारं.
"आणि तुझ्या अर्जात एकाच नंबराला जागा आहे."
"एक पुरतो अक्का."
अजून काहीतरी बोलायचं होतं त्यांना, असं वाटलं. पण "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. वाईट वाटलं मला. बसायची खुर्चीच जातेय, राग कुठेतरी निघणारच. मी मनावर घेतलं नाही.

२८ मार्च
चाचणीचा सर्व्हर वेगळा असतो. तिथली माणसं खोटी, अर्ज खोटे. आज दोनशे अर्ज सोडले. पंधरा दिवसांच्या जागी पंधरा मिनिटं ठेवली, नाहीतर महिना तिथेच गेला असता. बरोबर पंधराव्या मिनिटाला, कागद कमी असलेल्या एकशे चार अर्जांवर 'बंद'चा शिक्का पडला. एकही इकडचा तिकडे नाही. मी एकटीच खुर्चीत हसले.

मग मिनिटांचे दिवस केले, तीनदा तपासले आणि सगळी चौसष्ट सेटिंगं खऱ्या सर्व्हरवर नेली. किती दिवसांनी पोटभर जेवले.

१ एप्रिल
सुरू झालं. साहेबांनी बटण दाबलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. खिडकीच्या जागी भिंतीत स्क्रीन बसवलाय.

अक्कांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, भांडारात. बाटली आणि खुर्चीवरची उशी एवढंच घेऊन गेल्या. टेबलावरच्या फोनची वायर काढून नीट गुंडाळून ठेवली होती.

२२ एप्रिल
पेंडिंग शून्य. खिडकीवर शून्य कधीच नव्हतं. बंद झालेले अर्ज सदतीस. बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं. "सदतीस जण विनाकारण सामान अडवून बसले होते, बघा." चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बैठकीत माझं नाव घेतलं.

बाबांना सांगितलं. ताटात हात तसाच ठेवून म्हणाले, "सदतीस जण एकदम बरे झाले?"
त्यांना हे समजावणं म्हणजे नुसती डोकेफोड. विषय सोडून दिला.

१५ मे, गुरुवार
लिहवत नाही, पण लिहिते.

अकराच्या सुमारास खालून पहारेकऱ्याचा फोन आला, एक बाई आल्यात, काय म्हणतात कळत नाही, तुम्हीच या. साठीच्या असतील. स्क्रीनवर त्यांच्या अर्जाचा क्रमांक होता आणि खाली 'बंद', एवढंच. मागे टेम्पोवाल्यानं दोन सिलिंडर फरशीवर उतरवून ठेवले होते.

"हे परत घ्या," बाई म्हणाल्या.
मी विचारलं, भरून पाहिजेत का?
"नको. ते गेले. शनिवारी."

नवरा सुतार. लाकडाच्या भुशानं फुप्फुसं गेलेली. दर गुरुवारी आमची गाडी दोन भरलेले सिलिंडर ठेवायची, दोन रिकामे न्यायची. गेल्या गुरुवारी आली नाही. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. वाटलं, अडकली असेल रस्त्यात. इथे फोन लावला तर रेकॉर्ड बोलत होती, एक दाबा, दोन दाबा. त्यांनी सगळे आकडे दाबून बघितले. शुक्रवारी सिलिंडरची कळ थोडी थोडी कमी करत गेल्या, जास्त वेळ पुरावा म्हणून. संध्याकाळी नवऱ्याची नखं निळी पडली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. सकाळी गेले.

हे सगळं बाईंनी न रडता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "आमचा काही कागद द्यायचा राहिला होता का? तेवढं बघून सांगा. ते सारखे तेच विचारत होते."
म्हटलं, बघते.
"सिलिंडर दुसऱ्या कुणाला लागतील म्हणून आणले. मिळाल्याचं लिहून द्या."

बंद अर्जावर सर्व्हर पावती देत नाही. मी कोऱ्या कागदावर लिहिलं, दोन सिलिंडर मिळाले. खाली सही केली.

१६ मे
देवा, माझी चूक निघू दे, असं म्हणत सकाळी बसले. कुठेतरी मिनिटं राहिली असतील, एखादा आकडा पुढेमागे झाला असेल. चौसष्टच्या चौसष्ट पुन्हा तपासली. कागदावर लिहून एकेकापुढे खूण केली.

सगळं बरोबर आहे.

डॉक्टरांचा कागद जुना होता. वीस एप्रिलला पहिला मेसेज, मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींपुढे 'पोचला' अशी नोंद. पाच मे रोजी अर्ज बंद, यादीतून नाव कमी. सर्व्हरनं मी सांगितलं तेच केलं, सांगितलं त्या दिवशी. चूक सापडली असती तर निदान दुरुस्त करता आली असती.

जेवले नाही. बाबांनी विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

२० मे
बंद झालेले अर्ज आता एकसष्ट. तीन दिवस मी एकसष्ट जणांना फोन करतेय, कुणाला न विचारता. पुष्कळ जणांना खरंच गरज उरली नव्हती. खुर्ची परत केली, पाय बरा झाला, दुसऱ्या गावी गेले. पण चौदा जणांना अजून हवं होतं; त्यांना नवा अर्ज करायला लावला. काही बाहेरून आणत होते, काही नातेवाइकांकडून. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला वाटलं, केंद्र बंद पडलं." एका घरी मुलीनं फोन उचलला, मी आईचं नाव घेतलं, ती म्हणाली, "आता काय?" आणि ठेवून दिला. तिला परत फोन करायचं धाडस झालं नाही.

त्या घराचा हिशेब कुठे धरायचा, चौदात की बाकीच्यांत, मला माहीत नाही.

२१ मे
सेटिंग बावन्न बदललं. 'माणसाकडे पाठव'. लाल चौकट उघडली. तिथे माझं नाव घातलं. एवढंच करायचं होतं. अर्धं मिनिट लागलं.

२२ मे
साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, पाणी दिलं.
"हे बघ, घाबरू नकोस," म्हणाले. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाले. इतक्या दिवसांत कुणी असं मायेनं बोललं नव्हतं, डोळे भरून आले. "ते सेटिंग कुणी टाकलं?"
"मी."
"मग तसं एका कागदावर लिहून दे. तुझ्यामाझ्यातच राहील. चौकशी झालीच तर मला तुझी बाजू मांडता येईल."
तिथेच बसून लिहून दिलं. तारीख, वेळ, सगळं. जरा हलकं वाटलं.

२५ मे, रविवार
अक्कांना भेटायला भांडारात गेले. रविवारीही त्या होत्या. रिकाम्या सिलिंडरांच्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना कळलेलं होतंच.

"सुतार," म्हणाल्या. "तो कधी फोन उचलायचा नाही. दम लागायचा बोलताना, लाज वाटायची त्याला. मी बायकोला करायचे. ती दोन घरची भांडी करून चारला यायची, म्हणून सव्वाचारला."
मी म्हटलं, "तुम्ही मला हे का नाही सांगितलंत?"
अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "तीन जिने चढून आले होते गं मी."

मला वाटलं होतं, त्या पाठीवर हात ठेवतील. नाही ठेवला. उठून सिलिंडर मोजायला लागल्या.

४ जून
चौकशी तासाभरात आटोपली. समोर तिघे, बाजूला साहेब. माझा कागद त्यांच्या फाइलीत सगळ्यात वर लावलेला. साहेबांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यांना अवघड गेलं असणार.

निकाल असा: प्रणालीत दोष आढळला नाही. कर्मचाऱ्यानं वैयक्तिक निर्णयानं सेटिंग भरलं आणि पुढे परवानगीशिवाय बदललंही. मला पुढच्या आदेशापर्यंत कामावर यायचं नाही. जुनं सेटिंग परत लावायचं, कारण पेंडिंग सतरा दिसतंय. त्या सतरा जणांना सोळा जूनला दुपारी बारापर्यंतची मुदत. त्यानंतर 'बंद'.

पासवर्ड काढून घ्यायला माणूस येईपर्यंत दहा मिनिटं होती. मी सतरा नावं, नंबर, पत्ते हातानं उतरवून घेतले. हा गुन्हा असेल तर तोही लिहून ठेवते.

८ जून, रविवार
सुताराच्या घरी गेले. एक खोली, भिंतीशी त्यांच्याच हातची कपाटं, एकाचंही दार करकरत नाही. बाईंनी चटई टाकली.

सांगितलं. कागद जुना होता, मेसेज आले होते, आणि त्यानंतर अर्ज बंद करायचा असं मी ठरवलं होतं.
"तुम्ही?"
"हो."
त्या उठल्या, फळीवरून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "कुठे आहेत? दाखवा." मी मेसेज उघडून दाखवले. तिन्ही होते. मला मोठ्यानं वाचायला लावले. मी वाचले. आपला अर्ज अपूर्ण आहे. आपला अर्ज अपूर्ण आहे. अंतिम सूचना.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "कागद तर मी त्याच दिवशी आणला असता."
मग दाराकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही आता जा. परत येऊ नका."

बाबांना आज सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते आत जाऊन झोपले, दिवस मावळायच्या आत.

१३ जून
सतरापैकी चौदा जणांचे कागद जमा झाले. चौघांना मी स्वतः स्क्रीनपाशी नेलं. तिथला पहारेकरी मला ओळखतो, पण ओळख दाखवत नाही. तिघे फोन उचलत नाहीत.

१५ जून
तिघांपैकी एक बाई लेकीकडे आहेत, सापडल्या. दुसऱ्यांचं घर रिकामं, शेजारी म्हणाले, जाऊन महिना झाला. कुठे ते विचारलं तर त्यांनी बोट वर केलं. उरले एक.

१६ जून, सोमवार
चौथा मजला, लिफ्ट नाही. घंटा मेलेली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. सव्वाअकरापासून दार ठोकत होते. समोरच्या बाई बाहेर आल्या, "त्यांना ऐकू येत नाही, जोरात वाजवा." दोन्ही हातांनी बडवलं. पावणेबाराला दार उघडलं. पंच्याहत्तरीचे गृहस्थ, नाकाला नळी, ती खोलीभर मागे ओढत आलेली.

"केवढ्यानं ठोकताय? मेलो नाहीये अजून."

कागद जुनाच होता. नवा आणलेलाच नव्हता, आणायचा असतो हेच माहीत नव्हतं. फोन उशीखाली, बंद पडलेला. बारा वाजले तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो आणि ते मला साखर किती विचारत होते.

साहेबांना फोन लावला, उचलला नाही. मेसेज टाकला. अजून वाचलेला दिसत नाही.

नवा अर्ज मंजूर व्हायला नऊ दिवस लागतात. सिलिंडरचा काटा बघितला, अर्ध्याच्या खाली. दुसरा रिकामा. बाहेरच्या दुकानातून भरलेला मिळतो, पण डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि डॉक्टर माणूस बघितल्याशिवाय लिहून देत नाहीत. दवाखान्यात फोन करून विचारलं. घरी येणारं कुणी नाही, आणा म्हणाले.

त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. या गुरुवारी गाडी येणार नाही, हेही सांगितलं.
"मग कोण येणार?"
"मी येते, उद्या सकाळी. आपण दवाखान्यात जाऊ."
"दोन वर्षं झाली मी खाली उतरलो नाही बाई."
"हळूहळू उतरू. मी सिलिंडर धरते."
"आणि मला?"

घरी आल्यावर बाबांना विचारलं, चार मजले, दोघांच्यात उतरवता येईल का एका माणसाला. बाबांना अडुसष्ट पूर्ण झाली, त्यांचाच एक खांदा वर जात नाही. म्हणाले, "प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवावी लागेल." शेजाऱ्यांकडे खुर्च्या मागायला गेलेत. दोन मिळाल्यात. आठला निघायचंय.